मुकडेनची प्लेग-परिषद

परिषद म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? मांडव, हार, स्वागताध्यक्षांचे लांबलेले भाषण, चहाला झालेला उशीर आणि शेवटी आभारप्रदर्शन. मी कॉलेजात इतिहास शिकवतो, तेव्हा अशा पाचदहा परिषदांच्या खुर्च्या मोजण्याचे काम माझ्याकडेही आलेले आहे. पाहुणे कुठे उतरतील, कुणाला तिखट चालत नाही, कुणाला कुणाच्या शेजारी बसवायचे नाही, ही यादी करता करता निबंध कोण वाचणार आणि कशावर, हा प्रश्न बहुधा शेवटासाठी उरतो. 'परिषदा भरतात आणि उठतात, त्यांतून निघते काय?' असे कुणी तोंडावर विचारले, तर आम्ही मंडळी थोडे चाचरतो.

म्हणून आज मी तुम्हांला एका परिषदेची हकीकत सांगणार आहे. ती भरली होती एका जंतूसाठी. तो जंतू प्लेगचा. स्थळ मुकडेन, म्हणजे चीनच्या ईशान्येकडील मांचुरियातले आजचे शेनयांग शहर. काळ १९११ सालचा एप्रिल महिना. ३ तारखेला ती सुरू झाली आणि २८ तारखेला संपली. अकरा राष्ट्रांचे प्रतिनिधी जवळजवळ चार आठवडे एका टेबलाभोवती बसले. चीनच्या भूमीवर भरलेली ही पहिली आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक परिषद असे तिच्याबद्दल सांगतात. पण मला तिचे महत्त्व वाटते ते पहिलेपणामुळे नव्हे. परिषद का भरवायची आणि कशी भरवायची, याचा एक धडा त्या चार आठवड्यांत आहे, म्हणून ती सांगावीशी वाटते.

आधी थोडे मागे जाऊ या. रोगांसाठी राष्ट्रांनी एकत्र बसण्याची चाल तेव्हा काही नवी नव्हती. पहिली आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद १८५१ साली पॅरिसला भरली. बारा राज्यांनी प्रत्येकी एक मुत्सद्दी आणि एक डॉक्टर पाठवला. सहा महिने चर्चा चालली. पटकी, पिवळा ताप आणि प्लेग हे तीन रोग समोर होते. पण खरा वाद होता जहाजे किती दिवस बंदराबाहेर अडकवून ठेवायची, म्हणजे कोरंटीन किती दिवसांचे, याचा. ज्याचा व्यापार मोठा त्याला कोरंटीन नको, ज्याला भीती मोठी त्याला ते हवे. १८७४ साली व्हिएन्नाच्या परिषदेत पटकीचा मुख्य वाहक हवा आहे, असे मत बहुमताने मान्य झाले. बहुमताने, हा शब्द ध्यानात घ्या. निसर्गाचा प्रश्न हात वर करून सोडवण्याचा तो प्रकार होता.

त्याहून बोलके उदाहरण १८८५ सालच्या रोमच्या परिषदेचे. रॉबर्ट कॉख यांनी नुकताच इजिप्तमध्ये आणि कलकत्त्याला जाऊन पटकीचा जंतू शोधला होता. ते स्वतः त्या परिषदेला हजर होते. जंतू ओळखणारा माणूस सभेत बसला आहे, आणि सभेने पटकी कशाने होते या तात्त्विक वादात शिरायचेच नाही असे ठरवले! ब्रिटिश प्रतिनिधींना तो विषय नको होता. हिंदुस्थानातून पटकी जहाजाने युरोपात जाते असे एकदा मान्य केले की सुएझमधून जाणाऱ्या आगबोटींवर बंधने येणार, हे त्यांना दिसत होते. तेव्हा पाहुणे थोर, शहर थोर, आणि मुख्य प्रश्न तेवढा दाराबाहेर. अशी परिषद आपणही कधी ना कधी पाहिलेली असते.

आता मांचुरियात येऊ. १९१० सालच्या शरद ऋतूत रशियाच्या सरहद्दीवरील मांचुली या रेल्वे स्टेशनाजवळ माणसे ताप आणि खोकल्याने पटापट मरू लागली. त्या गवताळ माळांवर तार्बागान नावाचा एक बिळात राहणारा प्राणी असतो. मुंगसाहून मोठा, खारीच्या कुळातला. त्याच्या कातडीला रंग दिला की ती उंची सेबल केसाळीसारखी दिसते, आणि त्या वर्षांत युरोपच्या बाजारात या कातडीला भाव आला होता. शांतुंग प्रांतातले हजारो गरीब मजूर त्या शिकारीसाठी उत्तरेला जात. मंगोल शिकारी पिढ्यान्‌पिढ्या हे जनावर मारीत, पण लडखडणारे, आजारी दिसणारे जनावर ते सोडून देत. नव्या मजुरांना ही रीत कुठून ठाऊक असणार? रात्री एकेका खानावळीत वीसवीस-चाळीसचाळीस माणसे एका उबदार मातीच्या ओट्यावर दाटीवाटीने निजत. बाहेर थंडी उणे पंचवीस-तीस अंश. दारे-खिडक्या बंद. एक खोकला म्हणजे साऱ्या खोलीला निमंत्रण.

पुढे चिनी नवे वर्ष जवळ आले तशी माणसे गाठोडी बांधून घरी निघाली. रेल्वेने रोग हार्बिनला आला, तेथून मुकडेनला आणि खाली दक्षिणेकडे. काही महिन्यांत सुमारे ६०,००० माणसे मेली. ज्याला हा रोग झाला तो वाचला, असे जवळजवळ घडलेच नाही.

डिसेंबर १९१० मध्ये चीनच्या परराष्ट्र खात्याने हार्बिनला एक तरुण डॉक्टर पाठवला. त्याचे नाव वू लिएन-तेह. जन्म मलायातील पेनांगचा, शिक्षण केंब्रिजचे, नंतर लिव्हरपूल, हाले आणि पॅरिस येथे जंतुशास्त्राचा अभ्यास. तिएनत्सिनच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात तो उपसंचालक होता. वय एकतीस. इंग्रजी त्याच्या जिभेवर खेळत होती, चिनी बोलताना मात्र अडखळे. २४ डिसेंबरला तो हार्बिनला उतरला, आणि तीनच दिवसांनी फुचियातिएन या चिनी वस्तीत एका खानावळवाल्या जपानी स्त्रीच्या मृतदेहाची त्याने तपासणी केली. प्रेताला हत्यार लावणे तेव्हा चीनमध्ये रूढीला आणि कायद्याला धरून नव्हते, म्हणून हे काम गुपचूप करावे लागले. सूक्ष्मदर्शकाखाली प्लेगचे जंतू दिसले. काखेत-जांघेत गाठ मात्र नव्हती. रोग फुफ्फुसात होता.

इथे श्रोतेहो, आपली मुंबई या गोष्टीत येते. १८९६ साली मांडवीत डॉ. अकाशियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, त्याची आठवण आपल्या घराघरांत अजून आहे. पुण्यातली घरझडती, गावाबाहेरच्या झोपड्या, रोग्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेणाऱ्या सावित्रीबाई फुले आणि त्याच प्लेगने १० मार्च १८९७ रोजी आलेला त्यांचा अंत, हे आपण विसरलेलो नाही. त्या प्लेगचा अभ्यासही मुंबईलाच झाला. हाफकीन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळच्या प्रयोगशाळेत ग्लेन लिस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की प्लेग माणसाकडे येतो तो उंदराच्या अंगावरच्या पिसवेमार्फत. उंदीर मेला की पिसू नवे घर शोधते. हा शोध फार मोठा होता. जगभरच्या डॉक्टरांनी तो पाठ केला: प्लेग म्हणजे उंदीर, प्लेग म्हणजे पिसू, प्लेग म्हणजे गाठ.

आणि हार्बिनला हेच पाठांतर आडवे आले. वू म्हणत होते, इथे उंदराचा संबंध दिसत नाही, रोग माणसाकडून माणसाकडे श्वासावाटे, खोकल्यावाटे जातो आहे. तेव्हा तोंडाला पट्टी बांधा, रोग्याच्या घरातली माणसे वेगळी ठेवा. त्यांनी कापूस आणि जाळीदार कापड यांची साधी, डोक्यामागे बांधायची मुखपट्टी करून घेतली. तिएनत्सिनहून मेस्नी नावाचे एक वडीलधारे फ्रेंच डॉक्टर आले. प्लेग त्यांनी पूर्वी पाहिलेला होता, आणि तो उंदरांचाच प्लेग होता. या पोरसवद्या चिनी डॉक्टरचे म्हणणे त्यांना पटले नाही. पटवून घेण्याची इच्छाही नव्हती. ते रशियन दवाखान्यात मुखपट्टी न बांधता रोगी तपासायला गेले. काही दिवसांतच, ११ जानेवारी १९११ रोजी, ते प्लेगने वारले. त्याच दवाखान्याचे डॉक्टर होते आपल्या हाफकीन यांचे पुतणे. त्यांचाही भरवसा मुखपट्टीपेक्षा काकांच्या लशीवर जास्त होता. त्यांचे नशीब बलवत्तर, ते वाचले.

या मृत्यूने सगळ्यांचे डोळे उघडले. रस्त्यावर माणसे पांढरी पट्टी बांधून हिंडू लागली. वस्तीचे विभाग पाडून सैनिकांचा पहारा बसवला. रशियन रेल्वेकडून मालगाडीचे डबे मागून घेऊन त्यांत संशयितांना ठेवले. पण गावाबाहेर दोन हजारांहून जास्त शवपेट्या आणि प्रेते बर्फात उघडी पडून होती. जमीन गोठून दगड झालेली, कुदळ चालेना. प्रेत जाळणे म्हणजे पितरांचा अपमान, असे मानणाऱ्या लोकांत वू यांनी थेट बादशहाच्या दरबाराकडे दहनाची परवानगी मागितली. ती आली. ३१ जानेवारीला, नव्या वर्षाच्या ऐन सणात, ती प्रेते जाळली. १ मार्चला फुचियातिएनमधला शेवटचा रोगी नोंदला गेला.

आग विझली. आता परिषद कशाला?

याचे उत्तर थोडे राजकारणात आहे. मांचुरिया चीनचा, पण उत्तरेची रेल्वे रशियाची आणि दक्षिणेची जपानची. १९०४-०५ साली या दोघांनी याच भूमीवर युद्ध केले होते. चिनी सरकारला आपल्या प्रदेशातला रोग आवरता येत नाही, असे जगापुढे ठरले असते, तर 'मग आम्हीच आवरतो' म्हणायला दोन्ही शेजारी टपून होते. आपण केलेले काम जगातल्या जाणकारांपुढे मांडायचे, त्यांच्याकडून तपासून घ्यायचे, आणि पुढे काय करावे ते त्यांच्या तोंडून वदवायचे, हा चीनपुढचा मार्ग होता. चिनी सरकारने स्वतः यजमान होऊन निमंत्रणे धाडली. अमेरिका, ऑस्ट्रिया-हंगेरी, फ्रान्स, जर्मनी, ब्रिटन, इटली, जपान, मेक्सिको, हॉलंड, रशिया, आणि अकरावा स्वतः चीन.

आता संयोजकाच्या नजरेने पाहा. पहिला निर्णय: जागा. राजधानी पेकिंगला सोयी जास्त होत्या. पण परिषद मुकडेनला ठेवली, रोगाच्या वाटेवर. आलेल्या शास्त्रज्ञांना वाटले तर दवाखाने, विलगीकरणाच्या जागा आणि रोग्यांच्या तपासणीचे नमुने जवळच होते. शाओ हो येन नावाचा एक जुना वाडा त्यासाठी तयार केला. दुसरा निर्णय: वेळ. 'सगळे शांत झाल्यावर, सोयीने' असे म्हणून पुढच्या वर्षावर ढकलले नाही. शेवटच्या रोग्यांच्या नोंदी ताज्या असताना, काम केलेले डॉक्टर अजून तिथेच असताना माणसे बोलावली. उशिरा भरलेल्या परिषदेत आठवणी जास्त आणि नोंदी कमी असतात, हे आपण अनुभवाने जाणतो.

तिसरा निर्णय सर्वांत अवघड. बोलवायचे कुणाला, आणि खुर्चीत बसवायचे कुणाला? आलेल्यांत जपानचे कितासातो शिबासाबुरो होते. वय अठ्ठावन्न. कॉख यांचे शिष्य. धनुर्वाताचा जंतू शुद्ध स्वरूपात प्रथम वाढवणारे, आणि १८९४ साली हाँगकाँगला येर्सिन यांच्या सुमारासच प्लेगचा जंतू पाहणारे. रशियाचे दानिलो झाबोलोत्नी आले. प्लेगच्या मागे त्यांनी आशियाभर भ्रमंती केलेली होती. मनिलाहून अमेरिकेचे रिचर्ड स्ट्राँग आणि त्यांचे सहकारी टीग आले. इटलीचे गालेओत्ती आणि ब्रिटनचे पेट्री या दोघांनीही पूर्वी मुंबईत प्लेगवर काम केले होते. पेट्री तर परळच्या उंदीर-पिसू प्रयोगांतले एक. म्हणजे पाहा, मुंबईचे ज्ञान त्या टेबलावर जातीने हजर होते. आणि या साऱ्या थोरांच्या सभेचे अध्यक्ष झाले वू लिएन-तेह. वय बत्तीस.

आपल्याकडे असे झाले असते तर? थोर पाहुण्याला अध्यक्षस्थान, तरुण कार्यकर्त्याला व्यासपीठामागची धावपळ, ही आपली रीत. पण मुकडेनच्या सभेला अध्यक्ष हवा होता तो तीन महिने त्या रोगात उभा राहिलेला. हे पाहुण्यांनाही मान्य झाले, यात त्यांचाही मोठेपणा आहे.

चौथा निर्णय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. परिषदेपुढे चीन सरकारतर्फे शाही आयुक्त आल्फ्रेड स्झे यांनी नुसते स्वागत केले नाही, प्रश्न ठेवले. हा रोग आला कुठून? उंदरांत किंवा इतर जनावरांत आधी साथ होती काय? गाठीच्या प्लेगचा जंतू आणि हा जंतू एकच, तर मग हा इतका मारक का? माणसाच्या शरीराबाहेर, घरात, मालात तो किती टिकतो? सोयाबीन, कातडी, केस असला माल बाहेर पाठवणे धोक्याचे आहे काय? लस टोचून फायदा होतो काय? यातला सोयाबीनचा प्रश्न साधा नव्हता. त्या काळात मांचुरियाचे सोयाबीन युरोपात जाऊ लागले होते, शेतकऱ्यांचे पोट त्यावर होते. रोमच्या परिषदेत व्यापाराने जंतूचा विषय बाहेर ठेवला होता. मुकडेनला व्यापाराचा प्रश्नही जंतूच्या भाषेत विचारला, आणि उत्तर शास्त्रज्ञांकडून मागितले.

मग एकेक पुरावा टेबलावर येऊ लागला. हजारो उंदीर तपासले होते. त्यांत प्लेग सापडला नव्हता. मुंबईचे सूत्र इथे लागू पडत नाही, हे मुंबईला काम केलेल्या माणसांनाही मान्य करावे लागले. माझ्या मते त्या चार आठवड्यांतला हा सर्वांत मोलाचा भाग. मुंबईचा शोध खोटा ठरला नाही. त्याची हद्द ठरली. गाठीच्या प्लेगला उंदीर आणि पिसू; फुफ्फुसाच्या प्लेगला माणूस आणि त्याचा खोकला. जंतू तोच, वाट वेगळी. ज्याने पहिली वाट शोधली त्याने दुसरी वाट आहे असे कबूल करणे, हे दिसते तितके सोपे नसते. वर्गात पंधरा वर्षे एकच सूत्र शिकवलेल्या माणसाला विचारा.

स्ट्राँग आणि टीग यांनी मुकडेनला केलेला एक प्रयोग सांगतो. जंतू वाढवण्याच्या बश्या, ज्यांत अगारचा गोठलेला थर असतो, त्या त्यांनी रोग्यांच्या तोंडासमोर थोड्या अंतरावर धरल्या. रोगी शांतपणे श्वास घेत असला, धाप लागलेली असली, तरी बशीत जंतू सहसा उगवत नव्हते. पण तो खोकला की उगवत. थुंकी डोळ्यांना दिसली नाही तरीही उगवत. म्हणजे नुसता वारा दोषी नव्हे, खोकल्याबरोबर उडालेले बारीक तुषार दोषी. १८७४ साली व्हिएन्नाला 'हवा' या शब्दावर मतदान झाले होते. इथे हवेचा प्रश्न एका बशीने सोडवला. आणि त्या दोन बोटांच्या बशीसाठी कुणीतरी मरणाऱ्या माणसाच्या तोंडासमोर उभे राहिले होते, हेही आपण विसरू नये. मुकडेनलाच आर्थर जॅक्सन नावाचा एक तरुण मिशनरी डॉक्टर स्टेशनावर मजुरांची तपासणी करता करता २५ जानेवारीला प्लेगने गेला होता. ज्यांच्या जिवावर हे पुरावे जमले, त्यांतले कितीजण ते ऐकायला टेबलापाशी नव्हते.

सगळेच प्रश्न सुटले असे मात्र नाही. लस आणि सीरम यांच्याविषयी परिषदेने हात राखून लिहिले: फुफ्फुसाच्या प्लेगात त्यांचा खात्रीचा फायदा दिसलेला नाही, अभ्यास व्हावा. औषध नाही, हे डॉक्टरांनी राष्ट्रांपुढे लिहून द्यायला धैर्य लागते. तार्बागानपासूनच रोग सुरू झाला काय, याचाही निर्णायक पुरावा तेव्हा हाताशी नव्हता. बहुतेकांना तसे वाटत होते, पण वाटणे आणि दिसणे यांत अंतर आहे. इथे परिषदेने मतदानाने निकाल लावला नाही. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात झाबोलोत्नी आणि वू आपापली पथके घेऊन त्या माळरानावर गेले. जूनमध्ये झाबोलोत्नींच्या पथकातल्या एका विद्यार्थ्याने एक लडखडणारा तार्बागान पकडून आणला. तो मेला, आणि त्याच्यात प्लेगचा जंतू निघाला. मंगोल शिकारी जे पिढ्यान्‌पिढ्या जाणत होते, त्याला जंतुशास्त्राची मोहोर लागली. परिषदेने सुचलेला प्रश्न परिषद उठल्यावर सुटला. चांगल्या परिषदेची ही एक खूण समजायला हरकत नाही.

आणखी एक गोष्ट, आमच्यासारख्या संयोजकांच्या वर्मावर बोट ठेवणारी. परिषदेचे इतिवृत्त छापले गेले काय? आपल्याकडे इतिवृत्त 'लवकरच प्रसिद्ध होत आहे' या अवस्थेत वर्षानुवर्षे सुखाने नांदते. मुकडेनचा अहवाल मनिलाच्या सरकारी छापखान्यात छापून १९१२ साली बाहेर पडला. संपादक चौघे: मार्टिनी, पेट्री, स्टॅन्ली आणि स्ट्राँग. पुढच्या साथीत काम करणाऱ्या डॉक्टरला रोग्यांच्या नोंदी, प्रयोग, वाद, ठराव एका ठिकाणी मिळाले. मुखपट्टी कशी असावी, रोग्याजवळ जाणाऱ्याने काय घालावे, संशयितांना किती दिवस वेगळे ठेवावे, असल्या घरगुती वाटणाऱ्या गोष्टी त्यात आल्या, हे विशेष.

मधल्या काळात केवढी उलथापालथ झाली होती! ऑक्टोबर १९११ मध्ये चीनमध्ये क्रांती झाली. फेब्रुवारी १९१२ मध्ये लहानग्या बादशहाने राज्यत्याग केला. ज्या सरकारने परिषद बोलावली ते सरकारच राहिले नाही. तरी परिषदेने सुचवलेली कायमची प्लेग-प्रतिबंधक यंत्रणा उत्तर मांचुरियात १९१२ साली उभी राहिली, आणि वू तिचे प्रमुख झाले. १९२०-२१ साली फुफ्फुसाचा प्लेग परत आला. त्या वेळी दवाखाने, प्रयोगशाळा, शिकलेली माणसे आणि मुखपट्ट्या तयार होत्या. मेलेल्यांचा आकडा नऊ हजारांच्या घरात राहिला. नऊ हजार हाही लहान आकडा नव्हे. पण साठ हजारांच्या शेजारी तो ठेवून पाहा.

तुम्ही म्हणाल, शंभर वर्षांपूर्वीच्या या गोष्टी. आता प्लेगवर स्ट्रेप्टोमायसीनसारखी औषधे आहेत, जंतूची ओळख पटवायला नवी साधने आहेत. खरे आहे. पण १९९४ साल आठवा. ऑगस्टमध्ये आपल्या बीड जिल्ह्यात गाठीचा प्लेग आणि सप्टेंबरमध्ये सुरतेला फुफ्फुसाचा. सुरतेत मृतांची संख्या पन्नासाच्या आसपास होती. पण शहरातून लाखो माणसे पळाली, परदेशांनी विमाने बंद केली, माल अडवला. आणि कित्येक आठवडे देशात वाद चालला तो हा, की हा प्लेग आहे की नाही! नमुने वेळेवर घेतले गेले नव्हते, जंतू नीट वाढवून पाहिले गेले नव्हते. मुकडेनच्या टेबलावर सर्वांत आधी जे ठेवले होते, ते आपल्या टेबलावर सर्वांत शेवटी आले. २०२० साली तोंडाला पट्टी बांधावी की नाही यावर जगभर जो काथ्याकूट झाला, तोही तुमच्या स्मरणात आहेच. कोरोना विषाणूचा, प्लेग जंतूचा. दोन्हींची जात वेगळी. पण तुषारांचा तो प्रश्न मुकडेनच्या बशीला ओळखीचा वाटला असता.

तेव्हा परिषदांतून काय निघते, या प्रश्नाला माझे उत्तर असे. ज्या परिषदेत प्रश्न आधी लिहून ठेवलेले असतात, काम केलेला माणूस खुर्चीत असतो, पुरावा भाषणाच्या आधी येतो, आणि 'हे आम्हांला अजून ठाऊक नाही' हे वाक्य इतिवृत्तात छापायची कुणाला लाज वाटत नाही, तिच्यातून पुष्कळ निघते. बाकीच्या परिषदांतून फोटो निघतो.

वू लिएन-तेह १९६० साली आपल्या जन्मगावी पेनांगला वारले. मुकडेनच्या त्या वाड्यात खुर्च्या कुणी मांडल्या, पाहुण्यांच्या खोल्यांत शेगड्या कुणी पेटवल्या, अकरा देशांच्या माणसांना न आवडणारे पदार्थ कोणते याची यादी कुणी केली, त्यांची नावे अहवालात शोधण्यात अर्थ नाही. पण खुर्च्या मोजणाऱ्या माणसाला त्यांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. पुढच्या खेपेला आमच्या कॉलेजात परिषद ठरली की मी खुर्च्या मोजीनच. त्याआधी एक कोरा कागद घेऊन त्यावर प्रश्न लिहायला मात्र सर्वांना बसवणार आहे.